हायब्रीड म्हणजे नेमकं काय रे भाऊ?

मंडळी, परवा रविवारी माझा चुलतभाऊ नवी गाडी घेऊन दारात हजर झाला. उंच, पांढरीशुभ्र, एस.यू.व्ही. म्हणतात तसली. आईने ओवाळले, नारळ फोडला. मग भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, ही विजेवर पण चालते हां. हायब्रीड आहे." मी म्हटले, "मग इंजिन बंद ठेवून त्या आंब्यापर्यंत नेऊन दाखव." बिचाऱ्याने बरीच खटपट केली. गाडी जागची हलली नाही. हलणारच नव्हती, कारण त्याने घेतली होती माइल्ड हायब्रीड!

माझा राग भावावर नाही, त्या शब्दावर आहे. एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंना लावायचा आणि गिऱ्हाईकाने काय समजायचे ते समजावे, हा कुठला न्याय? माइल्डमध्ये असतो तो पट्ट्याने इंजिनला जोडलेला स्टार्टर-जनरेटर आणि जोडीला छोटी बॅटरी. ब्रेक मारला की थोडी वीज साठते, वेग घेताना इंजिनला थोडा हात देते. चाके एकट्याने फिरवण्याची ताकद तिच्यात नसते. स्ट्राँग हायब्रीडचे तसे नाही. तिथे मोटर स्वतः गाडी ओढते आणि हळू चालताना इंजिन सरळ झोपी जाते. जपानमध्ये 1997 साली प्रियस आली ती या जातीची. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या एस.यू.व्ही.त हे तंत्र 2022 साली आले, ग्रँड विटारा आणि तिची जुळी बहीण हायरायडर यांच्यातून. घोळ असा की याच गाड्यांत माइल्ड आणि स्ट्राँग दोन्ही मिळतात. दोन्ही हायब्रीडच!

(भावाने चार्जिंगची पिन कुठे लावायची तेही विचारले. यांपैकी कशालाच पिन नसते. सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते, काही ब्रेकमधून वाचवलेली.)

आता मायलेज. आमच्या ऑफिसात गाडीचा विषय निघाला की जेवणाच्या सुट्टीत एकच आकडा घुमतो, 27.97. कंपनीने स्ट्राँग हायब्रीडचे जाहीर केलेले मायलेज. या आकड्याने भले भले वेडे झाले आहेत. मी कारकून माणूस, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 2022 साली गाडी आली तेव्हा ऑटोमॅटिक माइल्ड आणि स्ट्राँग यांच्यात सुमारे 2 लाख 60 हजारांचा फरक होता. किमती नंतर वरखाली झाल्या, हिशोब समजायला तोच धरू. वर्षाला 10,000 किलोमीटर, पेट्रोल सोयीसाठी 100 रुपये. ऑटोमॅटिक माइल्डचा कंपनीचा आकडा 20.58. म्हणजे वर्षाला एकीत 486 लिटर, दुसरीत 358 लिटर. वाचले 128 लिटर, 12,800 रुपये. फरक वसूल व्हायला वीस वर्षे! आर.सी. पंधरा वर्षांची असते हो.

कोणी म्हणेल, कंपनीचे आकडे सोड, गावात चालवून बघ. बरे, तेही करू. पणजीच्या गर्दीत माइल्डला 14 आणि स्ट्राँगला 21 धरा. थांबत-थांबत चालायचे असेल तिथे स्ट्राँगचा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. वाचतात 238 लिटर. तरीही अकरा वर्षे. बॅटरीची हमी आठ वर्षांची. याउलट वर्षाला 40,000 किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याचे पैसे पावणेतीन वर्षांत सुटतात. त्याने जरूर घ्यावी. पण घर ते सचिवालय आणि महिन्यातून एकदा कुलदेवता, एवढाच ज्याचा प्रवास, त्याने "पेट्रोल वाचते" म्हणून सात वर्षांचे कर्ज काढू नये.

सरकारचे तरी बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून जी.एस.टी. बदलला. विजेच्या गाडीला 5 टक्के, चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाडीला 18, आणि ही 4,345 मिलिमीटरची गाडी 40 टक्क्यांत, हायब्रीड असो वा नसो. पेट्रोल वाचवणाऱ्याला एका पैशाची सूट नाही. मी सरकारी नोकर, यावर जास्त बोलत नाही.

पण खरी परीक्षा चवथीची. आमच्या गोव्यात कुटुंबाची गाडी चवथीच्या आदल्या दिवशी तपासावी. गणपती मूळ घरी, आम्ही सगळे वाटेवर. डिकीत काय जाते? नारळांचा घड, सुपारीचे घोस, चिबूड, माटोळीचे बाकी सामान, तांदळाची पिशवी, चार माणसांचे कपडे. माइल्डची डिकी 373 लिटर. स्ट्राँगची 265, कारण मोटरची बॅटरी तिथेच मागे बसवली आहे. अडीच लाख जास्त द्यायचे आणि चिबूड आईच्या मांडीवर! एस.यू.व्ही. या नावाला शोभण्यासारखे काय उरले मग? उंची. त्या उंचीवर चढताना आईचे गुडघे काय म्हणतात ते तिलाच विचारा.

घाटात मात्र गंमत आहे. बेळगावला जाताना चोर्ला चढताना स्ट्राँगची बॅटरी, पाऊण युनिटची, लवकर दमते. मग सगळा भार त्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर येतो आणि ते ओरडू लागते. उतारावर मात्र ब्रेकमधून पुन्हा वीज भरून घेते. तंत्र सुंदर आहे, मला मनापासून आवडते. वाड्यात पहाटे आवाज न करता शिरणारी गाडी कोणाला नको? (आमच्या रस्त्यावरच्या गायींना ती ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.) तंत्राशी माझे भांडण नाही. ते ज्या आकड्याने आणि ज्या मोघम शब्दाने गळी उतरवले जाते, त्याच्याशी आहे.

हे सगळे मी भावाला कागदावर मांडून दाखवले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, "म्हणजे दादा, मी चुकून बरोबर गाडी घेतली?" आता याला काय सांगायचे! चूक एवढीच, की काय घेतले ते त्याला ठाऊक नव्हते. ऑफिसातला माझा 27.97 वाला मित्र अजून फॉर्म भरायचा आहे, त्यालाही हा कागद देणार आहे. भावाला मी एवढेच म्हटले, चवथीला माटोळीचे सामान तुझ्याच गाडीतून नेऊ. माझी जुनी हॅचबॅक आईसाठी ठेवतो, तिला त्यात बसता येते.