दोष यंत्राचा नाही, लपवणाऱ्यांचा आहे

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. वर्षाला १८० वैमानिक घडवणारी एअर इंडियाची प्रशिक्षण संस्थाही तिथेच ठरली आहे. भातकुली परिसरातल्या तरुणांनी आता एक प्रश्न समजून घेतला पाहिजे: विमान संगणकच चालवत असेल, तर वैमानिकाला शिकायचे काय?

स्वयंचलित यंत्रणेने विमानप्रवास सुरक्षित केला, हे खरे आहे. डोंगर जवळ आला किंवा समोरून दुसरे विमान आले, तर ती वेळीच सावध करते. पण धोका संपला नाही, त्याने जागा बदलली.

१४ फेब्रुवारी १९९० ला बंगळुरूत इंडियन एअरलाइन्सचे नवेकोरे एअरबस ए-३२० उतरताना कोसळले. १४६ पैकी ९२ जणांचा मृत्यू झाला. इंजिने किमान शक्तीवर होती आणि वेग घटत होता. वैमानिकांच्या हे फार उशिरा लक्षात आले. २००९ मध्ये अटलांटिक महासागरावर एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेगमापक नळ्यांत बर्फ साचला. ऑटोपायलट बंद पडला आणि वैमानिकांना विमान हाताने सावरता आले नाही. २२८ जण गेले.

बोइंग ७३७ मॅक्सची गोष्ट याहून गंभीर आहे. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी ‘एमकॅस’ यंत्रणा एकाच सेन्सरवर विसंबून होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखच नव्हता. नव्या विमानासाठी वेगळे सिम्युलेटर प्रशिक्षण लागू नये, खर्च वाचावा, हा त्यामागचा हिशेब होता. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ माणसे मेली.

गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राला दोष दिला नव्हता. यंत्राचे लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेला दिला होता. मॅक्सच्या बाबतीतही तेच दिसते. यंत्र माणसाचे कष्ट वाचवते, पण त्याचे ज्ञान दडवले की तेच यंत्र जीव घेते.

म्हणून बेलोऱ्यात किती वैमानिक तयार होतात, एवढेच मोजून भागणार नाही. यंत्रणा चुकली तर विमान हाताने सांभाळायचा पुरेसा सराव त्यांना मिळतो का, हेही विचारावे लागेल. आणि लाखोंचे शुल्क न परवडणारी आपली मुले-मुली त्या वर्गात बसावीत, यासाठी सामाजिक न्याय विभागाकडे शिष्यवृत्तीची मागणी आजच लावून धरावी लागेल. यंत्र कळणारी माणसे आपल्यातही हवीत.

जयभीम!