घरची वीज, गावची तार

आपल्या घराला लागणारी वीज आपल्याच छपरावर निर्माण करावी आणि वीज कंपनीच्या तारेशी असलेला संबंध एकदाचा तोडून टाकावा, ही आकांक्षा अलीकडे सुस्थित मध्यमवर्गात, विशेषतः गावाकडे घर बांधून उत्तरायुष्य तेथे घालवू इच्छिणाऱ्या मंडळींत, बरीच बळावली आहे. आणि ज्या महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षे सोसली, जेथे दहावीची मुले मेणबत्तीच्या उजेडात अभ्यासाला बसली आणि पिकाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला मध्यरात्री विहिरीवर जावे लागले, तेथे ती बळावावी यात नवल नाही. या आकांक्षेच्या पूर्वार्धाचा, म्हणजे स्वतःच्या निर्मितीचा, मी निःसंकोच पुरस्कार करतो. उत्तरार्धाला मात्र माझी हरकत आहे.

१९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हापासून जवळजवळ शतकभर वीज ही दूर कोठेतरी प्रचंड भांडवलाने, पाण्याच्या किंवा कोळशाच्या बळावर निर्माण व्हावयाची आणि तारांवाटे आपल्या दारी यावयाची, हीच समजूत रूढ होती. २००३ च्या वीज कायद्याने निर्मितीवरील परवान्याचे बंधन काढले. आणि २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट समोर ठेवून दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदानाची तरतूद केली. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि आपल्याकडील निरभ्र दिवशी तेवढ्यातून चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. दिवसा उरलेली वीज तारेत सोडावी, रात्री तेवढीच परत घ्यावी आणि बिल केवळ फरकाचे भरावे, ही नेट मीटरिंगची व्यवस्था सामान्य गृहस्थाला परवडणारी आहे. ज्याच्या छपरावर ऊन पडते त्याने या बाबतीत अधिक काळ विचार करीत बसू नये.

तार तोडावयाची म्हटले की हा सर्व जमाखर्च बदलतो, कारण रात्रीची आणि आभाळाची सोय मग बॅटरीवर सोपवावी लागते. दिवसाला सहा युनिटे वापरणारे कुटुंब धरू. घरोघरी इन्व्हर्टरखाली असते ती दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी कागदोपत्री १.८ युनिटे साठवते; परंतु ती वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, सबब हिशेबात धरावयाचे ते ०.९ युनिटच. तीन ढगाळ दिवसांची बेगमी म्हणजे अठरा युनिटे, आणि अठरा युनिटे म्हणजे अशा वीस बॅटऱ्या. प्रत्येक बॅटरीला सहा कप्पे. त्यांतील पाण्याची पातळी दर काही आठवड्यांनी पाहून डिस्टिल्ड वॉटर ओतावयाचे, टर्मिनलवर साचलेला पांढुरका-हिरवा क्षार कोमट पाण्याने पुसून तेथे व्हॅसलीन लावावयाचे, आणि हे एकशेवीस कप्प्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे न चुकता करूनही चार-सहा वर्षांनी सगळा संच नव्याने विकत घ्यावयाचा. लिथियमच्या बॅटरीला ही निगराणी लागत नाही, ती बहुतांश रिकामी करता येते आणि टिकतेही अधिक. परंतु तेवढ्या साठ्याला लागणारी रक्कम एकदम बाजूला काढणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

हा तर तीन दिवसांचा हिशेब झाला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आषाढ-श्रावणात आभाळ तीन दिवसांनी उघडते अशी ग्वाही कोण देणार? त्या दोन महिन्यांत छपराचे उत्पन्न इतके घसरते की एरवी पुरेसा ठरणारा संच तेव्हा दुप्पट वा त्याहूनही मोठा हवा असतो. आणि असा मोठा संच बसविलाच, तर जानेवारीपासून मेपर्यंत दुपारपूर्वीच बॅटऱ्या भरून जातात व उरलेल्या दिवसाची वीज, तारच नसल्यामुळे, कोणाच्याही उपयोगी न पडता वाया जाते. भरदुपारी शेजारच्या शाळेतले पंखे, गावची नळयोजना, रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी ज्या विजेवर चालू शकली असती ती अशी नष्ट व्हावी, याला स्वावलंबन म्हणण्यास माझे मन धजत नाही.

जेथे तार पोहोचलीच नाही तेथील गोष्ट अर्थातच निराळी. जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या डोंगरातल्या वस्तीत २०१२ साली ग्राम ऊर्जा या संस्थेने सुमारे साडेनऊ किलोवॅटचे छोटे सौर वीजकेंद्र उभे केले आणि चाळीसएक घरांना त्यातून वीज दिली. या प्रयोगाचे मर्म मला त्याच्या यंत्रसामग्रीपेक्षा त्याच्या वहिवाटीत दिसते. घरोघरी मीटर बसले, गावकऱ्यांच्याच समितीने वापराप्रमाणे पैसे गोळा करावयाचे ठरले, आणि पुढे बॅटऱ्या बदलाव्या लागतील तेव्हा कोणाच्या दारी याचना करावी लागू नये म्हणून त्या पैशांतून निधी साठविण्याची तजवीज झाली. म्हणजे सरकारी तारेपासून दूर असलेल्या त्या वस्तीनेही प्रत्येक घराचा वेगळा संच मांडला नाही. तिने आपल्यापुरती एक सामाईक तार ओढली. घारापुरीचे उदाहरण याहून बोलके आहे. मुंबईच्या नजरेच्या टप्प्यात असलेल्या या बेटावर संध्याकाळचे काही तास डिझेलच्या जनित्रावर दिवे लागत. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून तेथे वीज नेली गेली, तेव्हा स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे ग्रिडविना काढलेल्या त्या बेटावर आनंदोत्सव झाला. तारेविना राहणे म्हणजे काय हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवले, त्यांची ही साक्ष मला निर्णायक वाटते.

आणखी एक बाजू आहे, आणि ती न्यायाची आहे. खांब, तारा, रोहित्रे आणि भर पावसात खांबावर चढणारे वायरमन यांचा खर्च गावात पन्नास घरे असोत की चाळीस, फारसा कमी होत नाही. आणि आपल्या राज्यात शेतीपंपांच्या व गरीब ग्राहकांच्या सवलतीचा काही भार अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या दरात मिसळलेला असतो. ऐपतदार घरे एकामागून एक बाहेर पडली, तर राहिलेल्या खर्चाची वाटणी ज्यांच्यापाशी ना छप्पर आहे ना भांडवल, अशा चाळीतल्या भाडेकऱ्यांत आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरांत होईल. यावर वीज कंपन्यांनी छपरावरील निर्मितीलाच अडथळे आणणे हा उपाय नव्हे. तारेच्या उपयोगाचा रास्त आकार ठरवावा, तो ग्राहकाने विनातक्रार भरावा, आणि छपराच्या विजेचे मोल त्याला पुरेपूर मिळावे.

तार तोडू पाहणाऱ्यांची एक तक्रार मात्र सर्वस्वी खरी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आडवे होऊन कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अशा वेळी नेट मीटरचा साधा संच धन्याच्याही उपयोगी पडत नाही. तारेतील वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, कारण घरची वीज उलट तारेत शिरली तर दुरुस्तीला आलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. ही दक्षता आवश्यकच आहे. परंतु तिचा परिणाम असा की छपरावर लख्ख ऊन असते, पॅनेल शाबूत असतात, आणि खाली घरात फोन चार्ज करण्यापुरतीही वीज नसते.

याला उपाय आहे आणि तो उपलब्ध आहे. वीज जाताच घराला तारेपासून सुरक्षितपणे अलग करून पॅनेलवर आणि एका लहान बॅटरीवर दिवे, पंखे, पाण्याचा पंप चालू ठेवणारा हायब्रिड इन्व्हर्टर बाजारात मिळतो. त्याला वीस बॅटऱ्या लागत नाहीत, रात्र निभावेल इतका साठा पुरतो. म्हणून माझी शासनाला आणि वीज नियामक आयोगाला आग्रहाची विनंती आहे की किनारपट्टीच्या वादळप्रवण तालुक्यांत अशा इन्व्हर्टरसाठी व लहान बॅटरीसाठी वेगळे अनुदान द्यावे, आणि त्यांतही पहिला हक्क प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळा आणि नळयोजना यांचा मानावा. छपराचे मालक असलेल्या वाचकांना सांगणे एवढेच, की दरखास्त करण्यापूर्वी बारा महिन्यांची वीजबिले पुढ्यात घ्या, आंघोळीच्या पाण्यासाठी गीझरऐवजी सौर बंब बसवून गरज आधी कमी करा, विक्रेत्याकडे हायब्रिड इन्व्हर्टरची स्वतंत्र किंमत मागा, आणि मीटर काढून नेण्याचा अर्ज करू नका.