मुरगळलेला घोटा

खो-खो खेळतांना मुलाचा पाय मुरगळला, तर "मुलीसारखा काय रडतोस!" असें म्हणून आपण त्यास पुन्हां पळावयास लावितों, मुलीचा मुरगळला, तर तिचा खेळच बंद करितों. आमच्या मतें ह्या दोन्ही रीती घातक आहेत.

स्त्रियांचा घोटा अधिक वेळां मुरगळतो, हें खरें. अनेक पाहण्या एकत्र करून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, दर हजार वेळां खेळावयास उतरण्यामागें हें प्रमाण स्त्रियांत १३.६ व पुरुषांत ६.९ आढळलें. स्त्रियांचे सांधे सामान्यतः अधिक सैल असतात, हें त्याचें एक कारण मानितात. परंतु बाहेरील बाजूचा अस्थिबंध एकदां ताणला, कीं मुलगा असो वा मुलगी, पाऊल कसें पडतें ह्याची जाणीव मंदावते, आणि पुढें सपाट जमिनीवरही पाय वळतो. सूज उतरली म्हणजे दुखणें गेलें, असें नव्हे! दुखणें ओसरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम कांहीं आठवडे नियमानें केल्यास पुन्हां मुरगळण्याचा संभव कमी होतो. त्यास पैसाही पडत नाहीं. तेवढे दिवस मुलास मैदानाबाहेर ठेवावें, आणि मुलीची संघांतील जागा राखून ठेवावी, एवढेंच आमचें पालकांस व शिक्षकांस मागणें आहे.