यादीत जागा नव्हती की माहिती?

संपादक महोदय,

२०२२ मध्ये निवर्तलेल्या कलावंतांवरील आपल्या वर्षअखेरच्या लेखातील काही विधाने खोडून काढणे भाग आहे.

सुलोचना चव्हाण यांना लेखकाने ‘तमाशाच्या फडावरची गायिका’ ठरवले आहे. त्या पार्श्वगायिका होत्या. लग्नाआधी सुलोचना कदम या नावाने त्या हिंदी चित्रपटांतही गायल्या. कार्यक्रमात दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन त्या लावणी म्हणत. ठसका होता तो आवाजात, हावभावांत नव्हे. त्यांना पद्मश्री मिळाली तीही याच वर्षी.

विक्रम गोखले म्हणजे ‘हिंदी चित्रपटांतले करारी वडील’ एवढेच? मग ‘बॅरिस्टर’ नाटक कुठे गेले? ‘अनुमती’साठीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार कुठे गेला? त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत १९१३ मध्ये फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पडद्यावर आल्या होत्या. एवढा वारसा एका वाक्यात गुंडाळता येत नाही.

‘देशभर परिचित नावेच घेतली’ हा खुलासाही पटत नाही. लता मंगेशकर यांना अर्धे पान दिले, ते योग्यच. पण संगीत रंगभूमीसाठी आयुष्य वेचणाऱ्या, २०१८ च्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष कीर्ती शिलेदार २२ जानेवारीला गेल्या. त्यांना एक ओळही नाही. मराठी वाचकांसाठी मराठीत छापलेल्या यादीला दिल्लीचा निकष कशाला?

श्रद्धांजलीत विशेषणे कमी चालतील, तपशील चुकलेले चालणार नाहीत. दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, पुणे