पाणी तपासता, मासा कोण तपासणार?



नदीचं पाणी तपासायचं म्हटलं की बाटली भरून नेतात. पाणी ठीक निघालं की विषय संपला. आमचं म्हणणं असं, की नुसती बाटली तपासून भागत नाही. मासाही तपासला पाहिजे.

काही विषं पाण्यात थोडीच राहतात, चरबीत मुरतात. डीडीटी त्यातलंच. ते गाळात, शेवाळावर बसतं. शेवाळ बारीक किडे खातात, किड्यांना लहान मासे, लहान माशांना मरळ. खाल्लेलं पचून जातं, विष अंगात साचतं. शाळेच्या पुस्तकात याचा हिशोब आहे. दहा लाख भागांत डीडीटी किती? पाण्यातल्या बारीक जिवांत ०.०४ भाग, लहान माशांत ०.५, मोठ्यांत २, आणि मासे खाणाऱ्या पाखरांत २५! मासे तर आपणही खातो. जंतू उकळल्यानं मरतात, हे विष चुलीवर मरत नाही.

जपानात मिनामाता इथं कारखान्यानं समुद्रात पारा सोडला. मासे खाऊन आधी मांजरं तडफडून मेली, मग माणसं. आजार १९५६ मध्ये उघड झाला, सरकारनं कारण कबूल केलं १९६८ मध्ये. बारा वर्षं लोक तेच मासे खात राहिले.

आपल्याकडं वान, शहानूर डोंगरातून नितळ उतरतात आणि पऱ्हाटीच्या मुलखातून पूर्णेला मिळतात. पाऊस आला की फवारणीचं औषध धुऊन नाल्यात येतं. शेतीतलं डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं, एन्डोसल्फान २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं थांबवलं. पण असलं विष गाळात वर्षानुवर्षं टिकतं. केलपानी, गुल्लरघाट, धारगडच्या लोकांना जंगलातून उठवून खाली अकोट तालुक्यात वसवलं. पॅकेजात घर, जमीन, पैसा असतो. नदीतला मासा कोणत्या रकान्यात असतो?

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये माशांवरचा सामूहिक हक्क लिहिला आहे. कलम ५ नं पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हक्क मासे धरायचा आहे, तसा तो मासा बिनविषारी असण्याचाही आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: पाणी, गाळ आणि मासा, तिन्ही तपासा, अहवाल ग्रामसभेत मराठीत अन् कोरकूत वाचून दाखवा. आणि दुसरा ठराव आपल्यासाठी: डोहात औषध ओतून कुणी मासे मारणार नाही. दुसऱ्याला जाब विचारायचा तर आपला डोह आधी राखला पाहिजे.