मुलकी अधिकारी आणि मोहल्ल्यातील शांतता

संयुक्त राष्ट्रसंघाच्या नऊ शांतता मोहिमांमधील सुमारे एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस माघारी बोलावण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला. पैशाची टंचाई हे त्याचे कारण होते, आणि सर्वांत मोठ्या वर्गणीदार राष्ट्रांनीच वर्गणी थकविल्यामुळे ती ओढवलेली होती. ह्या कपातीची चर्चा करताना किती सैनिक परत येणार हा आकडा सर्वांच्या तोंडी होता. त्याच कपातीत अनेक मुलकी कर्मचारीही जाणार, ह्या गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शांतिसेना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे निळे शिरस्त्राण आणि पांढरे चिलखती वाहन उभे राहते. हातात वही आणि सोबत दुभाषा घेऊन गावच्या पंचांसमोर बसलेला माणूस आपल्याला दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, कपातीत खरे नुकसान होते ते ह्या माणसाच्या जाण्याने. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला हे पटवून देण्यास फार कष्ट पडू नयेत.

ह्या माणसाचे अधिकृत नाव ‘सिव्हिल अफेअर्स ऑफिसर’, म्हणजे आपल्या भाषेत मुलकी व्यवहार अधिकारी. त्याला अटकेचा अधिकार नसतो, शस्त्र नसते, आणि निधीही बहुधा जुजबीच असतो. ज्या प्रदेशात युद्ध नुकतेच थांबले आहे, किंवा थांबल्याचे सोंग चालू आहे, तेथील गावांत आणि तालुक्यांत राहून तीन कामे त्याने करावयाची असतात. लोकांत काय चालले आहे ते मोहिमेच्या प्रमुखास कळविणे हे पहिले. भांडणाऱ्या दोन बाजूंना एका सतरंजीवर आणणे हे दुसरे. आणि मोडून पडलेले स्थानिक शासन पुन्हा उभे राहण्यास हातभार लावणे हे तिसरे. ऐकावयास ही कामे बेताची वाटतात. प्रत्यक्षात तंटा पुन्हा पेटणार की विझणार हे पुष्कळदा ह्यांच्यावरच ठरते.

ह्या कामाच्या इतिहासात भारतीय नावे आरंभापासून आहेत. सायप्रसमध्ये ग्रीक आणि तुर्की समाजांतील हिंसाचार थांबविण्यासाठी सुरक्षा परिषदेने मार्च १९६४ मध्ये शांतिसेना धाडली, तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या गेले आणि डिसेंबर १९६५ मध्ये त्याच बेटावर त्यांचा अंत झाला. पुढे १९६९ ते १९७६ ही अवघड वर्षे जनरल प्रेमचंद ह्यांनी सांभाळली. १९७४ मध्ये बेटाची फाळणी झाली आणि मध्ये सुमारे १८० किलोमीटर लांबीचा निर्लष्करी पट्टा उरला. ह्या पट्ट्यात लोकांची शेते आहेत. त्यांत नांगर कोणी घालावयाचा, कोठवर घालावयाचा, ह्याचे परवाने शांतिसेनेचा मुलकी विभाग देतो. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चार हात पुढे गेला, तर दोन सैन्ये एकमेकांकडे दुर्बिणी रोखतात. राजधानी निकोसियाचे दोन तुकडे झाले, पण जमिनीखालचे सांडपाणी काही ग्रीक आणि तुर्की असा भेद करीत नाही. म्हणून १९७८ मध्ये दोन्ही बाजूंच्या नगरप्रमुखांनी मलनिःसारणाची एकच योजना करण्याचे मान्य केले. मोठा राजकीय तोडगा आजवर निघालेला नाही. गटाराचा निघाला. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. राष्ट्रपुरुषांच्या पुतळ्यांपेक्षा गटारांवरून शेजारी लवकर बोलू लागतात, हा आपल्याही नगरपालिकांचा अनुभव आहे.

मुलकी व्यवहार हा मोहिमेचा स्वतंत्र आणि नावाने ओळखला जाणारा विभाग झाला तो मात्र १९९२ मध्ये, फुटत्या युगोस्लाव्हियात. तेथील शांतिसेनेचे पहिले सेनापती होते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. बंदुकीने रेषा राखता येते, पण रेषेच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत वीज, पाणी आणि औषध पोहोचविण्यासाठी कोणीतरी दोन्हीकडच्या स्थानिक कारभाऱ्यांशी रोज बोलत राहावे लागते, हे तेथे सर्वांना कळून चुकले. त्या मोहिमेचा पुढे काय शेवट झाला हे सर्वज्ञात आहे. स्रेब्रेनित्साचे हत्याकांड १९९५ मध्ये तिच्याच डोळ्यांदेखत झाले. तेव्हा हा विभाग म्हणजे रामबाण आहे असा दावा येथे करावयाचा नाही.

परंतु हा माणूस नसला म्हणजे काय होते, ह्याचेही उदाहरण उपलब्ध आहे. आणि ते आपल्याला अप्रिय वाटले तरी सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २००८ मध्ये काँगोच्या पूर्व भागातील किवांजा ह्या गावी बंडखोरांनी सुमारे दीडशे माणसे ठार मारली. तेथून मैलभराच्या आत शांतिसेनेचा तळ होता, आणि त्या तळावर भारतीय तुकडी होती. तिच्याजवळ मनुष्यबळ थोडे होते हे खरे. पण त्याहून मोठी उणीव अशी की, तळाच्या फाटकाबाहेर काय चालले आहे हे समजावून सांगणारा दुभाषादेखील ऐन वेळी हाताशी नव्हता. शौर्यात उणी नसलेली सेना बहिरी ठरली. ह्या आणि अशा अनुभवांनंतर २०१० च्या सुमारास काँगोतील मोहिमेने स्थानिक भाषा जाणणारे, त्याच देशाचे नागरिक असलेले संपर्क साहाय्यक नेमले आणि त्यांना सैनिकी तळांवरच ठेवले. ते मुलकी विभागाला जबाबदार असत. खेड्यातील मुखिया, बाजारातील बाई, चर्चचा पाद्री ह्यांच्याशी त्यांनी ओळखी ठेवावयाच्या आणि धोक्याची चाहूल लागताच तळास कळवावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

आता भिवंडीकडे वळू. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून येथे जी दंगल उसळली तीत पाऊणशेच्या वर माणसे गेली, आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत पोहोचले. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली आणि तपास करणाऱ्या पोलिसांच्या पक्षपातावर सडेतोड ताशेरे ओढले. त्यानंतर १४ वर्षांनी, मे १९८४ मध्ये, पुन्हा तेच घडले. ह्या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक बळी पडले. दोन्ही वेळी बंदोबस्त होता. शांतता समिती नावाची गोष्टही त्या काळी अपरिचित नव्हती. ती सणाच्या तोंडावर भरे. व्यासपीठावर पुढारी बसत, चहा होई, ऐक्याची भाषणे होत आणि सण उलटला की समितीचे विसर्जन होई.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे ह्यांनी ह्या पद्धतीला फाटा दिला. त्यांनी शहरात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन केल्या. सभासद निवडताना पुढाऱ्यांपेक्षा रोज एका गल्लीत वावरणाऱ्या दोन्ही समाजांतील साध्या माणसांवर त्यांचा भर होता. मुख्य म्हणजे, त्या त्या भागाची गस्त घालणाऱ्या शिपायाला त्यांनी ह्या व्यवस्थेच्या मध्यभागी आणले. सण नसतानाही बैठका होत. नळाचे भांडण, पोरांची मारामारी, भाड्याचा तंटा हे विषय तेथे निघत. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतील मशीद पाडली गेली, मुंबई पेटली, आणि जानेवारी १९९३ मध्ये ती पुन्हा पेटली. ज्या गावाचे नाव दंगलीला समानार्थी झाले होते त्या भिवंडीत मात्र दंगल झाली नाही. युगोस्लाव्हियात मुलकी विभाग उभा राहिला ते हेच वर्ष. दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता, पण दोघांनाही सुचलेले उत्तर एकाच जातीचे होते.

येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने आपल्याच शास्त्राविरुद्ध एक साक्ष द्यावयास हवी. भिवंडी शांत राहिली ती यंत्रमागांमुळे, असे आमच्यातील पुष्कळजण सांगतात. सूत पुरविणारा व्यापारी एका धर्माचा, मीटरमागे मजुरी घेऊन कापड विणून देणारा मागवाला दुसऱ्या धर्माचा, कामगार उत्तर प्रदेशातला किंवा तेलंगणातला. हितसंबंध असे गुंतलेले असता कोणी आपलेच घर कशाला जाळील? युक्तिवाद देखणा आहे. पण हे सूत आणि हे माग १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही होते. तेव्हा ते जळाले. व्यवहाराची गरज माणसांना दिवसा एकत्र आणते. रात्री अफवा आली की तिची शहानिशा कोणाकडे करावयाची, हे ती सांगत नाही. आशुतोष वार्ष्णेय ह्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भिवंडीचा हवाला दिला आहे तो ह्याच संदर्भात: दोन समाजांना जोडणारे नागरी दुवे नसतील तर प्रशासनाला ते घडविता येतात. व्यवहारात करार मोडला तर न्यायालय असते. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल आणि वाजंत्री कोठे थांबेल हाही एक करारच आहे. फरक इतकाच की तो मोडल्यावर न्यायालयात जाण्याइतका वेळ कोणापाशी नसतो. दक्षिण सुदानमध्ये २०१६ च्या मारियाल बाई करारात हेच तत्त्व दिसते. पीक निघण्यापूर्वी गुराख्यांनी शेतांत गुरे आणू नयेत, येण्याआधी वर्दी द्यावी, बंदुका मागे ठेवाव्यात, नासाडी झाल्यास भरपाई द्यावी, अशी त्यातील कलमे आहेत. त्यांच्या पालनासाठी बैठका घडवून आणण्यात राष्ट्रसंघाच्या मुलकी अधिकाऱ्यांनी मदत केली आहे.

खोपडे ह्यांची योजना आणि राष्ट्रसंघाचा मुलकी विभाग ह्यांत एक भेद मात्र आहे, आणि तो आपल्याला महागात पडलेला आहे. राष्ट्रसंघात हे एक पद आहे. त्याला कामाची लिखित व्याख्या आहे, प्रशिक्षण आहे, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली मार्गदर्शिका आहे, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती टिपणे सोपवावीत अशी अपेक्षा आहे. भिवंडीत ते एका अधिकाऱ्याचे कर्तृत्व होते. अधिकारी बदलतात. समित्यांची नावे कागदावर राहतात. ओळखी बदलीच्या हुकुमाबरोबर निघून जातात.

जुलै २००६ मध्ये जे घडले त्याकडे ह्या दृष्टीने पाहावे. पोलीस ठाण्याच्या नियोजित इमारतीच्या जागेवर कब्रस्तानाचा हक्क सांगितला गेला आणि वाद विकोपास गेला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मरण पावले, आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. ह्यात हिंदू-मुसलमान असा झगडा नव्हता. एक पक्षकार स्वतः पोलीस खाते होते. मग मोहल्ला समितीची सूत्रे ज्याच्या हाती, तोच प्रतिवादी झाल्यावर मध्यस्थ कोण? दक्षिण सुदानमध्येही असाच पेच पडला. डिसेंबर २०१३ मध्ये तेथे यादवी सुरू होऊन सरकारच एक पक्ष बनले, तेव्हा शासनाला बळकटी देण्याचे काम त्या मोहिमेच्या अधिकारपत्रातून २०१४ मध्ये काढून टाकणे भाग पडले. मध्यस्थाने कोणाच्याही अंगणात उभे राहता कामा नये, हा ह्यातील मुद्दा आहे. आणि तो आपल्या पोलिसांचा अपमान नव्हे.

म्हणून हे काम पोलीस खात्याबाहेर, मुलकी प्रशासनात असावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महाराष्ट्राने ह्या दिशेने एक पाऊल टाकले होते. २००७ मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ही चांगली कल्पना होती. पण तिची रचना ग्रामपंचायतींसाठी होती, आणि बक्षिसाच्या रकमेवर तिचा भर फार होता. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दीतील नारपोलीसारख्या वस्तीला ती लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. वस्तुतः अशा मध्यस्थाची निकड नारपोलीत अधिक आहे. येथे जुने गावकरी आहेत, यंत्रमागावरचे कामगार आहेत, आणि माणकोली-दापोड्याच्या गोदामांत माल चढवावयास आलेले तरुण आहेत. ह्या शेवटच्या लोकांना ना १९८४ आठवते ना १९९२. त्यांची गल्ली वर्षाला बदलते. त्यांच्याकडे भ्रमणध्वनीवरून अफवा पोहोचावयास एक क्षण पुरतो. अफवेने काय होते हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने पाहिले आहे. मुले पळविणारी टोळी समजून तेथे पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारण्यात आले.

खर्चाचा प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. ह्यासाठी कोट्यवधींची तरतूद नको. महापालिकेच्या प्रभागनिहाय एक माणूस, म्हणजे अवघ्या शहरास पाचसहा माणसे पुरतील. त्यांना मराठी, उर्दू, तेलुगू आणि भोजपुरी ह्यांपैकी किमान दोन भाषा बोलता याव्यात. त्यांची नेमणूक किमान पाच वर्षांची असावी, आणि त्यांनी पोलीस ठाण्यास नव्हे तर आयुक्तास अहवाल द्यावा. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी ते भेटले पाहिजेत. शाळेची रिकामी खोलीदेखील चालेल. त्यांच्या नोंदवहीत गुप्त बातम्या नकोत, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना खबरे म्हणू लागतील. कोणत्या गल्लीत कशावरून कुरबूर आहे, कोणाचा शब्द कोण मानतो, कोणत्या सणाला कोणता रस्ता ठरला आणि तो पाळला गेला की नाही, एवढे त्या वहीत असावे. आणि बदली झाली तरी वही जागेवर राहावी. अशा पदाला महापालिकेच्या मंजूर आकृतिबंधात जागा नाही, असे उत्तर येईल. आकृतिबंधात बदल सुचविण्याचा ठराव सर्वसाधारण सभेला करता येतो, आणि त्यास मंजुरी देणे राज्याच्या नगरविकास विभागाच्या हाती आहे.