इगतपुरीचा करपा आणि कोरियातली बुरशी

पावसाळ्यात इगतपुरीकडची भातखाचरे पाहून डोळे निवतात. पण पानांवर होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी असे ठिपके दिसले, की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. हा करपा. बँकेत असताना पीककर्जाच्या वसुलीला गेलो की हा शब्द हमखास कानी पडे. तेव्हा मला तो सबब वाटे, हे कबूल करतो.

सबब नव्हती. या बुरशीचा बीजाणू पानाला चिकटतो, घुमटासारखी पेशी तयार करतो आणि मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे ४० पट दाबाने पान भेदतो. हे तिला जमते कसे? दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जिवाणूकरवी तिच्या जनुकांत परका तुकडा घुसवला; जिथे बसेल तिथे. असे २१,०७० वाण तयार करून त्यांतले कोणते रोग पाडायचे विसरले, ते तपासले. २००७ साली २०२ नव्या जागा हाती लागल्याचे त्यांनी जाहीर केले. आमच्या बँकेत एखादा कारकून रजेवर गेला, की काय अडते त्यावरून त्याचे काम कळे. तशातलाच हा प्रकार!

जनुकबदल म्हटले की आपल्याला २०१० सालचा बीटी वांग्याचा वाद आठवतो. पण इथे बदललेली बुरशी शेतात सोडायची नसते, बंद प्रयोगशाळेत तपासायची असते. ती बंदच राहते ना, हे जरूर विचारावे. माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. बुरशीचे हे वर्म ओळखून केलेले औषध किंवा बियाणे इगतपुरीच्या खाचरापर्यंत कधी पोचणार, आणि त्या शेतकऱ्याला ते परवडेल का?